वाळूवरचा व्हॉलीबॉल: मैदान आखण्यापासून शेवटच्या पॉइंटपर्यंत

खान्देशातल्या गावात व्हॉलीबॉल कुणाला नव्याने शिकवावा लागत नाही. शाळेमागे दोन खांब असतात, संध्याकाळी पोरं जमतात, खेळ सुरू होतो. गडबड होते ती हीच मंडळी वाळूवर उतरल्यावर. सहा-सहा जणांच्या खेळाच्या सवयी घेऊन दोघं-दोघं खेळायला जातात. पाचव्या पॉइंटला दम लागतो, दहाव्याला वाद होतो, आणि ‘वाळूवर मजा नाही भो’ म्हणत सगळे परत मुरमाच्या ग्राऊंडवर. बहुतेक वेळा दोष खेळणाऱ्यांचा नसतो. मैदान वाकडं आखलेलं असतं, बॉल दगडासारखा कडक भरलेला असतो, आणि कुठला टच चालतो हे कुणी आधी बोललेलंच नसतं. म्हणून खाली स्मॅशपेक्षा त्याच्या आधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## टप्पा १: जागा आणि वाळू

आपल्याकडे समुद्र नाही. वाळू मिळते ती नदीच्या पात्रात, नाहीतर आणून टाकावी लागते.

पात्रात खेळणं फुकट पडतं, वाळूही मऊ असते. हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत तापी, गिरणा, पांझरा, अनेर यांच्या काठी जागा सापडते. पण दोन धोके आहेत. पहिला म्हणजे उपशाचे खड्डे. वरून सपाट दिसणारी वाळू खाली भुसभुशीत असते, पाय मांडीपर्यंत जातो. खेळायची सगळी जागा आधी काठीने टोचून बघा. दुसरा धोका पाण्याचा. हतनूर, गिरणा किंवा अक्कलपाडा धरणातून पाणी फक्त पावसाळ्यात सोडतात असं समजू नका. पिण्यासाठी आणि शेतीसाठी उन्हाळ्यातही नदीत आवर्तन सुटतं आणि कोरडं पात्र बघता बघता भरतं.

> सावधान: पात्रात उतरण्याआधी आवर्तनाची तारीख ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे विचारा. जूनपासून पात्रात खेळ बंद म्हणजे बंद.

कायमचं मैदान करायचं असेल तर आधी हिशोब. खेळाची चौकट १६ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. बाजूला चारीकडे किमान ३ मीटर मोकळी जागा आणि वाळूची खोली किमान ४० सेंटिमीटर, असं नियम सांगतो. म्हणजे २२ बाय १४ मीटरचा खड्डा, आणि वाळू ४३-४४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). आकडा ऐकून बरेच जण तिथेच थांबतात. मित्रामित्रांत खेळायला २ मीटर मोकळी जागा आणि ३० सेंटिमीटर खोली ठेवली तर पंचवीसेक ब्रासमध्ये भागतं. यापेक्षा कमी करू नका. पंधरा सेंटिमीटर वाळूखाली कडक जमीन असेल तर डाइव्ह मारणाऱ्याचा खांदा जातो.

वाळू पावतीसह, परवाना असलेल्याकडूनच घ्या. रात्री स्वस्तात येणारी ट्रॉली महसूलवाल्यांनी पकडली तर मैदानाआधी दंड भरावा लागेल. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, अजिबात टाकू नका. ती बांधकामाला ठीक आहे, पण तिचे कण धारदार असतात, पाय सोलून निघतात आणि पाणी पडलं की ती दबून घट्ट बसते.

काळ्या मातीच्या जमिनीत थेट वाळू ओतली की पहिल्याच पावसात खालची माती वर येते आणि चिखल होतो. खड्ड्याच्या तळाला मुरमाचा थर द्या, त्यावर जुनी शेडनेट अंथरा, मग वाळू. पाणी निघून जायला एका बाजूने चारी काढा.

मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. पूर्व-पश्चिम आखलं तर सकाळ-संध्याकाळ एका टीमच्या डोळ्यांत थेट ऊन येतं, आणि आपण खेळतो ती वेळ नेमकी तीच.

तपासणी: मूठभर कोरडी वाळू उंचावरून सोडा. धूळ उडाली आणि तळहातावर माती चिकटली तर वाळू न धुतलेली आहे. चाळून घ्या. मग एकदा दंताळं फिरवा आणि एकदा हाताने चाचपा. काच, शिंपल्याचे तुकडे, सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे दंताळ्यातून सुटतात, हाताला सापडतात.

## टप्पा २: पट्ट्या आणि नेट

वाळूवर फक्की (रेघा आखायची पांढरी पूड) टिकत नाही. दोन सर्व्हिस होईपर्यंत रेघ गायब. पट्टी लागते, ५ सेंटिमीटर रुंद आणि वाळूपासून उठून दिसेल अशा रंगाची. पलंगाची नायलॉनची नवार यासाठी उत्तम, निळी किंवा लाल घ्या. कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोकू नका. कोपऱ्याला दोरी बांधा, दोरीचं दुसरं टोक लाकडाच्या तुकड्याला बांधून तो तुकडा हातभर खोल पुरा. दोरीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला तर पाय अडकल्यावर पट्टी ताणते आणि खेळणारा तोंडावर पडत नाही.

काटकोन डोळ्याने धरू नका. चौकटीचे समोरासमोरचे कोपरे टेपने मोजा, दोन्ही कर्ण १७.८९ मीटर आले पाहिजेत. एक कर्ण १८ च्या वर गेला तर मैदान तिरकं झालं, आणि लाइनवरच्या बॉलची भांडणं तिथूनच सुरू होतात.

मधली रेघ आखायची नाही. बीच व्हॉलीबॉलमध्ये मधली रेघही नसते आणि तीन मीटरची अटॅक लाइनही नसते. सवयीने आखली जाते, आणि मग कुणीतरी ‘तू मागचा आहेस, मारू शकत नाहीस’ म्हणतं. इथे मागचा-पुढचा कुणी नाही. कुणीही कुठूनही मारू शकतो.

नेटची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि महिलांसाठी २.२४ मीटर. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना २.२४, चौदापर्यंत २.१२ आणि बारापर्यंत २ मीटर. मोठ्यांसाठी लावलेल्या नेटवर पोरांना खेळवलं की ती स्मॅश शिकत नाहीत, नुसती बॉल वर फेकत राहतात. स्त्री-पुरुष मिळून खेळत असतील तर मी २.२४ च ठेवीन. बॉल जास्त वेळ खेळात राहतो, आणि हौसेच्या खेळात तेच हवं.

खांब बाजूच्या पट्टीपासून पाऊण ते एक मीटर बाहेर. मैदानाच्या खांबांना तणाव्याच्या दोऱ्या नसाव्यात. बांबूवर भागवत असाल आणि दोरी टाळता येत नसेल, तर तिला रंगीत चिंध्या बांधा आणि खांबाला जुन्या गादीचा तुकडा गुंडाळा.

तपासणी: उंची मोजा ती वाळू सपाट केल्यानंतर आणि नेटच्या मधोमध. त्यासाठी खूण केलेली एक काठी कायम मैदानावर ठेवा. दोन्ही टोकांची उंची सारखी हवी आणि मधल्यापेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त नको. खेळता खेळता नेटखालची वाळू उकरली जाऊन तिथे घळ पडते, म्हणून प्रत्येक सेटनंतर दंताळं फिरवायचं.

## टप्पा ३: बॉल

बीचचा बॉल वेगळा येतो. घेर ६६ ते ६८ सेंटिमीटर, वजन २६० ते २८० ग्रॅम. आकार नेहमीच्या बॉलच्या जवळपासच, पण आतली हवा बरीच कमी. नेहमीच्या व्हॉलीबॉलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो दाब असतो, बीचच्या बॉलमध्ये ०.१७५ ते ०.२२५. मऊ बॉल हातावर बसतो. नेहमीचाच बॉल वापरायचा असेल तर थोडी हवा सोडा. अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत जायला हवा. सायकलच्या दुकानात ‘टाइट भर’ म्हणू नका. उन्हात ठेवलेल्या बॉलचा दाब आपोआप वाढतो, तेव्हा बॉल सावलीत ठेवा आणि खेळाआधी पुन्हा दाबून बघा.

## टप्पा ४: ऊन आणि शरीर

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जाणं नवीन नाही, आणि वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या आत आवरा, संध्याकाळी सूर्य कलल्यावरच उतरा. उघडा तळहात वाळूवर ठेवून दहापर्यंत मोजा. हात उचलावा लागला तर खेळू नका. अर्धा तास आधी पाइपने पाणी मारलं तर वाळू लवकर निवते आणि धूळही बसते, पण चिखल होईल इतकं नको.

खरा हंगाम डिसेंबर-जानेवारी. त्याच दिवसांत शेतात भरीत पार्ट्या असतात, तेव्हा एकच विनंती: भरीत-पुरीच्या आधी खेळा, नंतर नाही.

वाळूवर पोटऱ्या आणि टाचेवरची शीर लवकर भरते. खेळाआधी दहा मिनिटं वाळूतच हळू पळा, बाजूला पावलं टाका, घोटे फिरवा. पहिल्या दिवशी एकच सेट खेळा. अनवाणी खेळायचं, पाय नाजूक असतील तर जाड मोजे चालतील, बूट नको. टोपी, गॉगल, आणि दर पाच-सात पॉइंटनंतर दोन घोट पाणी. ताक किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी सोबत असू द्या.

> सावधान: कुणाला चक्कर आली, मळमळलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग तापलंय आणि घाम थांबलाय असं दिसलं तर खेळ तिथेच थांबवा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि दवाखाना गाठा. ‘थोडं बसू द्या, होईल बरं’ म्हणत वेळ घालवू नका.

डोळ्यात वाळू गेली तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं. एवढ्यासाठी पाण्याची एक बाटली वेगळी ठेवा, नाहीतर पिण्याच्या पाण्यासोबत तीही संपते.

## टप्पा ५: पहिल्या सर्व्हिसआधी ठरवायचे नियम

हा टप्पा सगळे गाळतात. पाच मिनिटं लागतात. सगळ्यांनी नेटजवळ उभं राहून खालच्या गोष्टी मोठ्याने बोलून घ्या. शूटिंग व्हॉलीबॉल खेळून आलेले कुणी असतील तर त्यांच्यासाठी दोनदा बोला, कारण त्यांचा खेळ वेगळा आहे.

टच किती. एका टीमला तीन. एकाच माणसाने लागोपाठ दोनदा खेळायचं नाही. आतापर्यंत ओळखीचं आहे. फरक ब्लॉकमध्ये, म्हणजे नेटवर हात उंचावून समोरचा बॉल अडवण्यात आहे. सहा जणांच्या खेळात ब्लॉकचा टच मोजत नाहीत, त्यानंतर तीन टच मिळतात. इथे ब्लॉकला बॉल लागला की एक टच संपला, उरले दोन. मात्र ज्याच्या हाताला ब्लॉकमध्ये बॉल लागला तोच पुढचा टचही घेऊ शकतो. वाळूवरची सगळ्यात जास्त भांडणं या एका नियमावर होतात.

टिप कशी मारायची. ब्लॉकवरून बोटांच्या टोकांनी अलगद सोडलेला बॉल सहा जणांच्या खेळात हुशारी ठरतो, इथे फाउल. हलका बॉल टाकायचाच असेल तर बोटं दुमडून त्यांच्या सांध्यांनी, तळहाताच्या खालच्या भागाने, किंवा बोटं ताठ जोडून टाका. हे जमायला वेळ लागतो. भिंतीवर सराव करा.

बोटांनी पलीकडे पाठवणं. डोक्यावरून बोटांनी बॉल नेटपलीकडे सोडताना तो खांद्यांच्या रेषेला काटकोनात, म्हणजे सरळ पुढे किंवा सरळ मागे जायला हवा. तोंड एकीकडे, बॉल तिसरीकडे, हे चालत नाही. जोडीदाराला दिलेला बूस्ट (त्याने मारावा म्हणून वर उचललेला बॉल) वाऱ्याने पलीकडे गेला तर तो फाउल नाही.

सर्व्हिस घेणं. बोटांनी घेताना दोन्ही हातांचा टच एकदम आणि स्वच्छ व्हायला हवा, नाहीतर डबल, म्हणजे दोनदा टच झाल्याचा फाउल. आपल्यापैकी जवळपास सगळ्यांचा डबलच होतो, म्हणून सरळ अंडरहँडच, हात जोडून खालून घ्या. बॉल डोक्यावर आला तर हात जोडून वर करा आणि पंजाच्या कडेवर घ्या. जोरदार स्मॅश आला तर गोष्ट वेगळी. तो वाचवताना बोटांत क्षणभर थांबला तरी चालतो.

नेट आणि नेटखालून. बॉल खेळण्याच्या नादात नेटला लागलात तर पॉइंट गेला. नेटखालून पाय किंवा अख्खं अंग पलीकडे गेलं तरी फाउल नाही, समोरच्याला अडथळा झाला तरच फाउल.

सर्व्हिस. मागच्या पट्टीच्या पलीकडून, रुंदीत कुठूनही. पाय पट्टीला लागता कामा नये, आणि पट्टीखाली वाळूत सरकलेला पायही चालत नाही. बॉल उडवला की मारायचाच, परत झेलून दुसरी संधी नाही. नेटला लागून पलीकडे पडली तर सर्व्हिस बरोबर. सर्व्हिसवर ब्लॉक करता येत नाही.

आत की बाहेर. पट्टीला लागलेला बॉल आत. पण बॉल बाहेर पडून त्याने ढकललेल्या वाळूमुळे पट्टी हलली, तर तो बाहेरच. पट्टी हलली एवढ्यावर निर्णय देऊ नका, बॉलने वाळूत केलेला खळगा बघा. खुणेवर पाय पडण्याआधी दोन्ही टीमच्या एकेकाने जाऊन पाहायचं, असं ठरवून टाका.

सेट. पहिले दोन सेट २१ पॉइंटचे, तिसरा १५ चा, आणि जिंकायला दोनचा फरक हवा. २०-२० झालं तर फरक पडेपर्यंत खेळ चालतो. सर्व्हिस कुणाचीही असो, रॅली जिंकणाऱ्याला पॉइंट. अंधार पडत असेल तर एकच सेट खेळा, पण तो २१ चाच.

## टप्पा ६: टॉस, बाजू आणि सर्व्हिसचा क्रम

टॉस जिंकणारा एकच गोष्ट निवडतो: सर्व्हिस करायची की घ्यायची, किंवा बाजू. उरलेली निवड दुसऱ्याची. वारा जोराचा असेल तर बाजू घ्या. साक्रीकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. मे-जूनमध्ये आपल्याकडे पश्चिमेचा वारा बॉलला हातभर सहज सरकवतो.

म्हणूनच बाजू बदलण्याचा नियम आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पहिल्या दोन सेटमध्ये दोन्ही टीमच्या पॉइंटची बेरीज सातने वाढली की बाजू बदलायची: ७, १४, २१, २८ असं. तिसऱ्या सेटमध्ये दर पाचला. ‘सेट संपल्यावर बदलू’ म्हणाल तर ऊन-वारा एकाच टीमने सोसला असं होतं.

सर्व्हिसचा क्रम साधा आहे, तरी चुकतो. दोन टीम धरा, प्रत्येकी पहिला आणि दुसरा. आधी आमचा पहिला सर्व्हिस करतो. आम्ही पॉइंट घेत राहिलो तर तोच करत राहतो. तुम्ही रॅली जिंकलात की तुमचा पहिला, मग आमचा दुसरा, मग तुमचा दुसरा, आणि पुन्हा आमचा पहिला. सेटच्या मध्ये हा क्रम बदलता येत नाही. मैदानात मात्र कुणीही कुठेही उभं राहावं, जागेचा फाउल नाही.

तपासणी: स्कोअर सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक वेळी मोठ्याने सांगायचा, आधी आपला मग समोरचा. मनात मोजलेला स्कोअर कुणाचाच जुळत नाही.

## टप्पा ७: रॅली, क्रमाने

सर्व्हिस. जोर दाखवायची जागा ही नाही. नवीन असाल तर खालून मारा, पण दोघांच्या मधे मारा. समोर दोघंच आहेत, कोण घेणार हा प्रश्न तुम्हीच त्यांच्यासमोर टाकायचा. वारा तोंडावर असेल तर थोडी उंच आणि न फिरणारी सर्व्हिस पलीकडे जाऊन अचानक खाली पडते. वारा पाठीशी असेल तर नेटच्या जेमतेम वरून, नाहीतर बॉल थेट बाहेर जातो.

रिसीव्ह. उभे राहा ते साधारण मैदानाच्या मध्यावर, आपापल्या अर्ध्या भागात. मधला बॉल कुणाचा हे आधी ठरवा. सर्व्हिस करणाऱ्यापासून तिरक्या बाजूला जो आहे त्याने घेणं सोपं जातं, कारण बॉल त्याच्या समोरून येतो. मग आवाज द्यायचा, आणि ‘माझा’ किंवा अहिराणीत ‘मना!’ असाच द्यायचा. दोघंही ‘तुना, तुना’ करत बॉल मधे पडताना बघत उभे राहतात, हे चित्र प्रत्येक मैदानावर दिसतं. तुझा म्हणण्याची मुभाच ठेवू नका.

वाळूत लांब ढांग टाकली की पाय रुततो. छोटी, भरभर पावलं टाका आणि बॉल हाताला लागण्याआधी थांबा. पळता पळता घेतलेला बॉल पळण्याच्या दिशेनेच जातो. पास द्यायचा तो आपल्या समोर सरळ, नेटपासून दोन-तीन मीटर अलीकडे आणि उंच. सहा जणांच्या खेळात बूस्टर नेटजवळ वाट बघत असतो म्हणून आपण नेटवर पास देतो. इथे बूस्ट देणारा मागून पळत येणार आहे. नेटला चिकटलेला पास त्याला पोहोचत नाही, किंवा सरळ समोरच्याला बक्षीस मिळतो.

बूस्ट. ज्याने रिसीव्ह केला तोच मारणार, हे गृहीत धरून त्याच्याजवळ बूस्ट द्या. लांब, आडवे बूस्ट वाऱ्यात वाहून जातात. बोटांनी स्वच्छ जमत नसेल तर दोन्ही हात जोडून अंडरहँडने सरळ वर द्या. त्यात कमीपणा काही नाही. बोटांनी दिलेला बॉल फिरत गेला एवढ्यावरून डबल देऊ नका, हातातला टच बघा. बूस्ट दिल्या दिल्या एक काम आणखी: समोर बघा आणि जोडीदाराला ओरडून सांगा, ‘लाइन’ (बाजूच्या पट्टीलगत सरळ) किंवा ‘क्रॉस’ (तिरकं), जिथे मोकळं आहे ते. मारणाऱ्याचे डोळे बॉलवर असतात, त्याचे डोळे तुम्ही.

मारणं. वाळूत उडी कमी लागते आणि उशिरा लागते. सिमेंटच्या मैदानावरचं टायमिंग ठेवलंत तर बॉल डोक्यामागे राहील. बूस्ट वर जाऊन खाली यायला लागला की मग निघा, पुढे झेप न घेता सरळ वर उडा. आणि प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीने मारू नका. ६४ चौरस मीटर दोघं सांभाळत आहेत, कोपरे उघडेच असतात. मागच्या कोपऱ्यात टाकलेला सावकाश बॉल जोरदार स्मॅशपेक्षा जास्त पॉइंट देतो.

ब्लॉक आणि बचाव. नवशिक्यांनी ब्लॉक करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. समोरचा नेटवरून खाली मारू शकत नसेल तर ब्लॉकला गेलेला माणूस नुसता एक माणूस कमी करतो, शिवाय टच लागला तर तीनातला एक गेलाच. दोघंही मागे, डावीकडे-उजवीकडे उभे राहा. समोर चांगला मारणारा असेल तेव्हाच एकाने पुढे जावं. तेव्हा पुढचा पाठीमागे हात नेऊन सर्व्हिसआधी इशारा देतो: एक बोट म्हणजे लाइन अडवतो, दोन म्हणजे क्रॉस, मूठ म्हणजे ब्लॉक नाही. मागच्याने उरलेली बाजू धरायची. इशारा देऊन ऐन वेळी विचार बदललात तर दोघंही एकाच बाजूला सापडाल.

नेटच्या वर दोघांनी समोरासमोर एकदम बॉल दाबला आणि तो क्षणभर अडकला तर फाउल नाही, खेळ चालू. ज्या बाजूला पडेल त्या टीमला पुन्हा तीन टच.

## चौघं-चौघं खेळायचं असेल तर

गावात बहुतेक वेळा आठ-दहा जण जमतात आणि दोघांचा खेळ बघत बसायला कुणी तयार नसतं. चौघांनी त्याच मैदानावर खेळा. एक नेटजवळ, दोन बाजूंना, एक मागे. सर्व्हिस पाळीपाळीने चौघांनी करायची, क्रम सुरुवातीला ठरवून. ब्लॉकचा टच आणि टिपचे नियम वाळूचेच ठेवा, निम्मे इकडचे निम्मे तिकडचे करू नका. सहा-सहा मात्र नको. १६ बाय ८ च्या चौकटीत बारा माणसं म्हणजे बॉलपेक्षा डोकी जास्त आपटतात.

## पंच नसताना

हौसेच्या खेळात पंच नसतो, मग आपापला फाउल आपण सांगायचा. नेटला हात लागला, डबल झाला, ब्लॉकला बोट चाटून गेलं, ज्याचं त्याला बरोबर कळतं. लाइनचा निर्णय बॉल ज्या बाजूला पडला त्या टीमचा. एकमत होत नसेल तर पॉइंट पुन्हा खेळा, त्यावर तिसरं वाक्य बोलायचं नाही. बाहेर बसलेल्यांचं मत घ्यायचं नाही, विशेषतः पुढच्या मॅचची वाट बघत असलेल्यांचं.

## खेळ झाल्यावर

नेट सैल करून उतरवा. रात्रभर ताणलेलं नेट खांब आत ओढतं आणि दुसऱ्या दिवशी मधे झोळ दिसतो. दंताळं फिरवून वाळू कडेकडून मध्याकडे ओढा, कारण खेळताना ती बाहेरच्या बाजूला सरकत जाते. कायमचं मैदान असेल तर वर ताडपत्री घाला, नाहीतर कुत्री-मांजरं ते आपलंच समजतात. ताडपत्रीच्या कडांवर वाळूने भरलेल्या गोण्या ठेवा, दगड ठेवू नका. दगड पुढच्या खेळात कुणाच्या तरी पायाखाली येतोच.